पाऊस आला, तर कप कोणाचा?

फायनलच्या सातव्या ओव्हरला पाऊस आला, तर कप कोणाला द्यायचा? तुमच्या गावच्या टूर्नामेंटचं पाम्प्लेट काढून बघा. एन्ट्री फी, पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, बक्षीस देणाऱ्यांचे फोटो आणि तळाला 'पंचांचा निर्णय अंतिम राहील', एवढं सगळं असतं. पावसाबद्दल एक ओळ नसते. आणि आपली जमीन कशी? आसेगाव असो की मंगरुळपीर, काळी माती. एक जोराची सर आली की चप्पल तिथंच रुतते आणि माणूस पुढे जातो. अशा मैदानावर दोन कॅप्टन आणि मधे बिचारा पंच. "आम्हीच पुढे होतो ना भाऊ!" विरुद्ध "मॅच झालीच कुठं?" या वादात वर्षभराची दोस्ती तुटते.

पाऊस थांबवणं कोणाच्याच हातात नाही. पण पाऊस आल्यावर काय करायचं, हे आभाळ स्वच्छ असताना ठरवणं हातात आहे. मोठ्या स्पर्धांचे अधिकारी नेमकं हेच करतात.

एकच मैदान, दोन मॅच

नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम आठवा. महिला वर्ल्ड कप 2025. 26 ऑक्टोबरला भारत-बांगलादेश साखळी सामना होता. पावसाने तो 27 ओव्हरचा झाला. बांगलादेश 9 बाद 119. भारतापुढे सुधारित लक्ष्य 126 धावांचं. आपल्या ओपनरनी 8.4 ओव्हरमध्ये बिनबाद 57 केल्या आणि पुन्हा पाऊस. आपण स्पष्ट पुढे होतो, मैदान आपलं, प्रेक्षक आपले. तरी निकाल लागला नाही, दोघांना एकेक पॉइंट मिळाला. कारण पावसाने थांबलेल्या वनडेत दुसऱ्या टीमला किमान 20 ओव्हर मिळाल्याशिवाय डकवर्थ-लुईस-स्टर्नच्या हिशोबाने विजेता ठरवत नाहीत. हा 20 चा आकडा आधीपासून कागदावर होता, म्हणून भांडायला जागाच नव्हती.

त्याच मॅचमध्ये फील्डिंग करताना प्रतिका रावलचा घोटा दुखावला आणि तिचा वर्ल्ड कप संपला. तिच्या जागी मूळ संघात नसलेली शफाली वर्मा आली.

आता 2 नोव्हेंबर. तेच मैदान, फायनल, आणि पुन्हा पाऊस. दुपारी 3 ची मॅच 5 वाजता सुरू झाली. पण ओव्हर एकही कापली नाही. फायनलसाठी जादा वेळ आणि 3 नोव्हेंबरचा राखीव दिवस आधीच ठेवलेला होता. शफालीने 87 धावा केल्या, दोन विकेट घेतल्या आणि भारत 52 धावांनी जिंकला. साखळी सामन्याला राखीव दिवस नव्हता, फायनलला होता. दोन्हींचा निकाल पाऊस यायच्या कितीतरी आधी, वेळापत्रक बनवताना अर्धा ठरला होता.

तीनशेच्या स्पीडला पाणी

क्रिकेटपेक्षाही अवघड प्रकरण बघायचं, तर अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगकडे वळा. बाहेरून रोजच्या कारसारख्या दिसणाऱ्या, आतून पूर्ण रेसिंगच्या गाड्या लंबगोल ट्रॅकवर फेऱ्या मारतात. या रेस नॅस्कार ही संस्था घेते. डेटोना इथला ट्रॅक 4 किलोमीटरचा आहे आणि वळणावर तो 31 अंशांनी तिरपा आहे. टायरला नक्षी नसते, ते सपाट असतात. कोरड्या रस्त्यावर तेच चिकटून धरतात. ओल्या रस्त्यावर मात्र पाणी बाहेर काढायला टायरवर खाचच नाही, त्यामुळे ताशी 300 किलोमीटरला गाडी सरळ घसरत भिंतीवर जाते. म्हणून अशा मोठ्या ट्रॅकवर पाऊस आला की लाल झेंडा. गाड्या उभ्या राहतात आणि कोणत्याही टीमला गाडीला हात लावता येत नाही. नाहीतर पावसाच्या सुट्टीत दुरुस्ती उरकून घेणाऱ्याचा फायदा झाला असता.

मग ट्रॅक वाळवायचा. पूर्वी ट्रकवर जेट इंजिन बसवून गरम हवा मारत. 2013 पासून दाबाच्या हवेने पाणी उडवणारी यंत्रं आली. 2012 ची डेटोना 500 पावसामुळे रविवारची सोमवारी रात्री गेली आणि त्यात एक गाडी या वाळवणाऱ्या ट्रकवरच आदळली. ट्रॅकवर आग लागली आणि रेस आणखी दोन तास थांबली. 2024 ला अधिकाऱ्यांनी वेगळा मार्ग घेतला. अंदाज वाईट दिसताच रविवारी सकाळीच रेस सोमवारवर ढकलली. लोकांना दिवसभर स्टँडमध्ये भिजत ठेवलं नाही. छोट्या ट्रॅकसाठी आता नक्षीचे टायरही आहेत. जून 2024 मध्ये न्यू हॅम्पशायरची रेस ओल्या ट्रॅकवर त्याच टायरवर पूर्ण झाली.

पण पाऊस थांबलाच नाही तर? इथला नियम साधा आहे: अर्धं अंतर किंवा दुसरा टप्पा, जे आधी संपेल ते झालं की रेस पूर्ण धरता येते. त्यानंतर रेस बंद करावी लागली तर जो पुढे तो विजेता. मे 2024 ला शार्लटची 400 फेऱ्यांची रेस 249 फेऱ्यांवर थांबली आणि ख्रिस्तोफर बेल जिंकला.

वीज दिसली की घड्याळ

वीज हा यातला सगळ्यात कडक नियम. ट्रॅकपासून 8 मैलांच्या, म्हणजे सुमारे 13 किलोमीटरच्या आत वीज पडली की सगळं बंद. 30 मिनिटांचं घड्याळ सुरू. मधे पुन्हा वीज पडली, तर घड्याळ परत शून्यावर.

7 जुलै 2019 ची डेटोनाची रेस यावरच फिरली. अपघातानंतर गाड्या हळू चालत होत्या, कर्ट बुश पुढे होता. एका फेरीत रेस पुन्हा सुरू होणार असं कळल्यावर तो पिटमध्ये वळला. मोठ्या मालिकेतली अवघी तिसरी रेस खेळणारा जस्टिन हेली ट्रॅकवरच राहिला आणि पुढे आला. तेवढ्यात जवळ वीज पडली, रेस थांबली. मग वाट पाहणं, पुन्हा वीज, शेवटी पाऊस. 160 पैकी 127 फेऱ्या झालेल्या. हेली विजेता! नशीब म्हणा हवं तर. पण मोठं नाव मागे राहिलं म्हणून अधिकाऱ्यांनी वीज पडत असताना कोणाला ट्रॅकवर काढलं नाही.

हा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. विजेत माणसं जातात, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. तरी "शेवटची ओव्हर टाकून घेऊ, बे" म्हणणारा एक जण प्रत्येक मैदानावर असतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलेलं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं. ते आयोजकाच्या मोबाइलमध्ये पाहिजेच. आणि पळायचं ते झाडाखाली किंवा मांडवात नाही. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत.

तुमच्या पाम्प्लेटवर काय हवं?

सगळ्यात स्वस्त उपाय कॅलेंडरचा. विदर्भातले शंकरपट हिवाळ्यात भरतात, शेतातली घाई ओसरते आणि जमीन कोरडी असते तेव्हा. जुन्या लोकांनी तारीखच अशी निवडली की निम्मं भांडण आधीच मिटलं. पण हल्ली अवकाळी कधीही येतो, म्हणून पाच ओळी छापाच.

किती ओव्हर झाल्या की निकाल धरणार. किती वेळ वाट पाहणार आणि राखीव दिवस कोणता. मॅच अर्धवट राहिली तर उरलेली पुढे खेळायची की नव्याने. मॅच झालीच नाही तर एन्ट्री फी आणि बक्षिसाचं काय. आणि वीज दिसली तर थांबवायचा अधिकार कोणा एकाचा.

तो एक माणूस दोन्ही टीमच्या बाहेरचा असू द्या, आणि टॉसच्या आधी या पाचही ओळी माईकवरून वाचून दाखवा. पहिल्या वर्षी पोरं हसतील. ज्या दिवशी फायनलला पाणी येईल, त्या दिवशी हरलेली टीमही हात मिळवून घरी जाईल.