एका शतांशाची किंमत

19 एप्रिल 2021 रोजी रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस कळंबोलीहून विशाखापट्टणमकडे निघाली, तेव्हा रुग्णालयातला प्राणवायू पोलादाच्या कारखान्यातही तयार होतो हे अनेकांना प्रथमच कळले. तिथे हवा थंड करून तिचा द्रव करतात आणि उंच मनोऱ्यात त्याचे ऊर्ध्वपातन करतात. नायट्रोजन उणे 196 अंश सेल्सिअसला उकळतो, आर्गॉन उणे 186 ला आणि ऑक्सिजन उणे 183 ला. मनोरा बांधायला एवढी माहिती पुरेल असे वाटते, पण ती पुरत नाही.

कारण मनोऱ्याच्या बहुतेक उंचीवर असते ते मिश्रण. मिश्रण उकळले की वाफेतले घटकांचे प्रमाण द्रवातल्यापेक्षा वेगळे असते. द्रवात 21 टक्के ऑक्सिजन आणि बाकी नायट्रोजन असेल, तर वातावरणाच्या दाबाखाली त्या द्रवाशी समतोल साधलेल्या वाफेत ऑक्सिजन सहा-सात टक्केच असतो. मनोऱ्यात किती टप्पे हवेत हे या फरकावरून ठरते. ई. सी. सी. बेली यांनी 1900 साली द्रव हवेची अशी मोजमापे प्रसिद्ध केली. पुढे 1910 च्या सुमारास लिंडे यांचा दुहेरी मनोरा आला. त्याच्या खालच्या भागात पाच-सहा बार दाब असतो. त्या दाबाखाली नायट्रोजन इतक्या तापमानाला द्रवरूप होतो की त्याने सोडलेल्या उष्णतेवर वरच्या भागातला ऑक्सिजन उकळतो. अशा रचनेसाठी वाढीव दाबाखालचे आकडेही लागतात. डॉज आणि डनबार यांनी ते 1927 मध्ये दिले.

खरी कसोटी लागते ती आर्गॉनपाशी. हवेत तो 0.93 टक्के असतो आणि त्याचा उत्कलनबिंदू ऑक्सिजनच्या अगदी जवळ आहे. वाफेतले आर्गॉन-ऑक्सिजनचे गुणोत्तर द्रवातल्या त्याच गुणोत्तराच्या किती पट आहे, हा इथला कळीचा आकडा. आर्गॉन जवळजवळ शुद्ध होत आला की हा आकडा 1.1 च्या आसपास घसरतो, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर हाती लागते ते अगदी थोडे. म्हणून शुद्ध आर्गॉनच्या मनोऱ्याला दीडशेहून अधिक टप्पे लागतात. आता 1.10 ऐवजी चुकून 1.11 धरला, तर गणितात किमान टप्प्यांची संख्या जवळपास नऊ टक्क्यांनी कमी येते. मनोरा आखूड बांधला जातो आणि आर्गॉनमध्ये ऑक्सिजन राहून जातो. वेल्डिंगला लागणाऱ्या आर्गॉनसाठी ही गोष्ट क्षुल्लक नाही.

तो शतांश मोजायचा कसा? पोलादाचा एक लहानसा सेल क्रायोस्टॅटमध्ये बसवतात, आतली हवा पूर्ण काढून घेतात, दोन्ही वायू एकामागून एक भरतात आणि चुंबकाने ढवळत ठेवतात. दाब आणि तापमान स्थिरावले की द्रवाचा आणि वाफेचा नमुना काढून गॅस क्रोमॅटोग्राफला देतात. सांगायला सोपे आहे. पण उणे 196 अंशांच्या आसपास तापमान एका अंशाने चुकले, तर नायट्रोजनच्या बाष्पदाबात सुमारे 11 टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळे अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत जावे लागते. ढवळणाऱ्या चुंबकाची उष्णताही हिशेबात धरावी लागते. वाफेच्या नळीतला एखादा बिंदू सेलपेक्षा जरा जरी थंड राहिला, तर वाफ तिथेच द्रवरूप होते आणि नमुना खोटा ठरतो.

मला सर्वांत अवघड वाटतो तो द्रवाचा नमुना. केसासारख्या बारीक नळीतून द्रव बाहेर येऊ लागला की वाटेतच उकळतो. हलका घटक आधी पळतो, जड मागे रेंगाळतो. क्रोमॅटोग्राफपर्यंत जे पोचते ते सेलमधले मिश्रण उरलेलेच नसते. फ्रान्समध्ये फाँतेनब्लोच्या प्रयोगशाळेत यावर उपाय निघाला: विद्युतचुंबकीय झडप क्षणभर उघडून अतिसूक्ष्म नमुना घ्यायचा आणि तो तत्काळ संपूर्ण वाफ करून पुढे पाठवायचा. काही प्रयोगशाळा वाफच पंपाने पुन्हापुन्हा द्रवातून फिरवतात. समतोल लवकर साधतो, पण पंपाची उष्णता आवरावी लागते.

शेवटी एक चाचणी उरते, आणि या शास्त्राचा प्रामाणिकपणा मला तिच्यात दिसतो. तापमान, दाब, द्रवाची घडण आणि वाफेची घडण या चारही गोष्टी मोजल्या, तर त्यांतली एक गणिताने उरलेल्या तिघींवरून काढता येते. गिब्ज-ड्यूहेम समीकरणाची ती देणगी. मोजलेले आणि काढलेले जुळले नाही, तर कुठेतरी चूक आहे हे कळते. जुळले तरी सगळे बरोबर आहे याची हमी मिळत नाही, पण निष्काळजी मोजमापे इथे उघडी पडतात.

आज अभियंते मनोऱ्याचे गणित सॉफ्टवेअरवर करतात. त्यातल्या समीकरणांना प्रत्येक जोडीसाठी एक सुधारणांक लागतो आणि तो भरवशाचा हवा असेल, तर अशाच मोजमापांवरून काढावा लागतो. मोजमाप उपलब्ध नसेल, तर अनेकदा तिथे शून्य धरले जाते. रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एकच विनंती आहे: पडद्यावर तसे शून्य दिसले, तर ते मोजून आले आहे की कोणी मोजलेच नाही म्हणून आले आहे, हे आधी तपासा आणि मगच मनोऱ्याची उंची लिहा.