सोळा बाय सोळातली आजी

मागच्या भागात आपण क्रितामध्ये आजीचं पोर्ट्रेट केलं. आता तीच आजी भाचीच्या गेममध्ये चालायला हवी, म्हणजे स्प्राइट: 16 बाय 16, एकूण 256 चौकोन. त्यात सुरकुत्या भरायला गेलात तर नुसता चिखल होतो. मऊ ब्रश बाजूला ठेवा, एका पिक्सेलची पेन्सिल घ्या, अँटी-अलायझिंग बंद करा. रंग चार-पाचच. आधी एकाच गडद रंगात आकार भरा. त्यावरून माणूस ओळखू आला तरच पुढे जा.

1981 च्या ‘डाँकी काँग’मधला मारिओ आठवा. केस नीट दाखवायला जागा नव्हती म्हणून टोपी, नाक उठून दिसावं म्हणून मिशा! मी आजीचा अंबाडा आणि काष्टा ठेवला, चष्मा गाळला. आई म्हणाली, “चष्म्याशिवाय ती आपली आजी नव्हेच.” मग अंबाडा एका चौकोनाने घटला नि चष्म्याचा काळा ठिपका आला.

इथे चेन्नईत दारोदारी दिसणारं कोलम पाहा. आधी पुळ्ळी म्हणजे ठिपके, मग रेषा; आपली ठिपक्यांची रांगोळीच की. गिफ्ट आणि राणी सिरोमनी व कमला कृथिवासन यांनी 1974 मध्ये कोलमच्या आकृत्या व्याकरणासारख्या नियमांत मांडल्या होत्या.

चालण्यासाठी सुरुवातीला दोन फ्रेम पुरतात. दुसरीत पाय बदला, डोकं एक चौकोन खाली घ्या. फाइल पीएनजीच ठेवा, जेपेगमध्ये कडा मळतात.