दोन यंत्रं, एक डिस्क

म्हापसा हे नाव 'माप' आणि 'सा' म्हणजे भरणं यांवरून आलं, असं आमच्याकडे सांगतात. शुक्रवारच्या बाजारात पेडण्याचा आणि डिचोलीचा माणूस समोरासमोर बसला, तर आधी दोघांचं माप एक हवं. दोन सर्व्हर एकमेकांना जोडताना मला हे नेहमी आठवतं. अशा जोडलेल्या यंत्रांचा गट म्हणजे क्लस्टर. त्याचं सॉफ्टवेअर पुढची गोष्ट, त्याआधी मापं जुळवावी लागतात.

दोन्ही यंत्रांची घड्याळं एकाच ठिकाणाहून वेळ घेतात ना, हे पाहायचं. नाहीतर कुठली घटना आधी घडली ते नोंदींवरून कळत नाही. दोघांना एकमेकांची नावं पाठ हवीत, नाव सांगणारा सर्व्हर बंद पडला तरी.

मग येते सामायिक डिस्क. तीच एक डिस्क पहिल्या यंत्राला 'एसडीबी' दिसते, दुसऱ्याला 'एसडीसी', आणि पुन्हा चालू केल्यावर ही नावं बदलूही शकतात. प्रत्येक यंत्रातून तिच्याकडे दोन वाटा नेल्या, तर एकाच्या दोन डिस्का दिसतात! म्हणून नावावर विसंबायचं नाही. डिस्क स्वतः सांगते तो, जगात दुसऱ्या कुणाचा नसलेला क्रमांक धरायचा.

आणि साधी फाइल सिस्टिम दोन्हीकडून एकदम कधीच उघडायची नाही. पसऱ्यावर दोन भाऊ एकाच वहीत लिहितात, पण वही पुन्हा न वाचता सकाळी पाहिलेल्या पानाच्या आठवणीवर, असं समजा. दोघेही प्रामाणिक, तरी संध्याकाळी हिशेबाचा चिखल. यंत्रंही डिस्कवरचा मजकूर आपल्या स्मृतीत धरून बसतात. त्यासाठी वेगळी, एकमेकांना विचारून लिहिणारी फाइल सिस्टिम लागते.

पण मला खरं थक्क करतं ते पुढचं. दोन्ही सर्व्हर एका खासगी तारेवरून सतत 'मी आहे' असं सांगत असतात. जूनच्या पहिल्या गडगडाटात मधला स्विच जळला, की दोघेही धडधाकट असून एकमेकांना मेलेले वाटतात. सोबती गेला की तार तुटली, हे शांततेवरून ओळखताच येत नाही! दोघेही मालक होऊन डिस्कवर लिहू लागले, तर सगळा डेटा जातो.

म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याची वीज तोडण्याचा अधिकार आधीच द्यावा लागतो. कामाला लावण्यापूर्वी तो चालतो का, हे खरोखर वीज तोडूनच पाहायचं. मी तरी यात सवलत देणार नाही.

उरतो मतांचा प्रश्न. काम कोणी चालू ठेवायचं हे क्लस्टरमध्ये बहुमताने ठरतं, प्रत्येक यंत्राला एक मत. पण दोघांत एक गेला, तर उरलेल्याचं एक मत बहुमत होत नाही. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने 1983 साली व्हॅक्सक्लस्टर हा आपला क्लस्टर जाहीर केला. त्या घराण्यात यावर काढलेला तोडगा आजही चालतो: सामायिक साठ्यातली एक डिस्क साक्षीदार म्हणून नेमायची आणि तिला तिसरं मत द्यायचं. तार तुटली, की जो तिच्यापर्यंत पोचून तिला धरून ठेवतो, तो जगतो.