कंपनी तोडावी की तार खुली करावी?

कर्जत तालुक्यातील कोंडाणे गावात वीज येते ती महावितरणच्या तारेतून. पूर्वी निर्मिती, पारेषण आणि वितरण ही तिन्ही कामे एकटे राज्य विद्युत मंडळ करी. जून २००५ मध्ये शासनाने मंडळाचे विभाजन केले. तरी गावात तार एकच राहिली, कारण दारोदार दुसरी तार ओढणे परवडत नाही. ग्राहकाला निवड मिळाली नाही.

मुंबईच्या उपनगरांत २००९ पासून वेगळे घडले. तारा रिलायन्सच्या, पण त्यांचे भाडे भरून टाटांची वीज घेता येऊ लागली. कंपनी न तोडता निवड मिळाली.

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या सरकारांनी तोडाव्यात का, हे याच कसोटीवर पाहू. व्हॉट्सॲपची ‘तार’ म्हणजे त्यावरची आपली माणसे. कंपनीचे दोन तुकडे केले, तरी जिकडे माणसे जास्त तिकडेच इतरही जातील. तेथे एका सेवेवरचा निरोप दुसरीवर पोचवण्याची सक्तीच उपयोगी. युरोपीय संघाच्या २०२२ च्या कायद्यात ती आहे.

मात्र गूगल जाहिरातींचा बाजारही चालवते आणि त्यात खरेदीदार व विक्रेता दोघांची दलालीही करते. तेथे विभाजनाला अर्थ आहे.

आपल्या गावात अशा ‘एकच तारा’ कोणत्या, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.