विश्लेषण : ताऱ्याकडे ओढला जाणारा ग्रह… पृथ्वीचेही असेच होईल का?

हंस तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे २,६०० प्रकाशवर्षे अंतरावर केप्लर-१६५८ बी हा ग्रह आपल्या ताऱ्याभोवती फिरता फिरता त्याच्याच जवळ सरकतो आहे. तारा वयस्कर, म्हणजे ‘सबजायंट’ अवस्थेतला. अशा ताऱ्याकडे ग्रह ओढला जात असल्याचे थेट मोजमाप डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदाच प्रसिद्ध झाले.

सबजायंट म्हणजे काय?

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होत असते. गाभ्यातला हायड्रोजन संपला की ही प्रक्रिया गाभ्याभोवतीच्या थरात सुरू राहते आणि तारा फुगू लागतो. पुढे त्याचा तांबडा राक्षसी तारा होतो. या दोहोंमधला टप्पा म्हणजे सबजायंट. ताऱ्याच्या एकूण आयुष्याच्या मानाने हा टप्पा अल्पकाळाचा असतो. केप्लर-१६५८ हा तारा वस्तुमानाने सूर्याच्या दीडपट, पण आकाराने जवळपास तिप्पट आहे.

आधी बाद, मग मान्य

केप्लर दुर्बीण २००९ मध्ये अवकाशात गेली. तिने शोधलेला पहिला नवा संभाव्य ग्रह हाच. पण ताऱ्याचा आकार सुरुवातीला फारच कमी धरला गेला. त्यामुळे ग्रहही लहान ठरला, आकडे जुळेनात आणि ‘हा ग्रह नव्हे’ असा शेरा बसला. हवाई विद्यापीठातील संशोधक विद्यार्थिनी अ‍ॅशली चोंटोस आणि सहकाऱ्यांनी ताऱ्यातील ध्वनिलहरींमुळे त्याच्या प्रकाशात होणारे सूक्ष्म चढउतार तपासले, ताऱ्याचा खरा आकार काढला आणि २०१९ मध्ये ग्रहावर शिक्कामोर्तब झाले. पहिल्या शोधाला मान्यता मिळायला दहा वर्षे लागली! गुरूच्या जवळपास सहापट वस्तुमानाचा हा ग्रह अवघ्या ३.८५ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो.

ग्रह आत का सरकतो?

कारण आपल्या ओळखीचे आहे : भरती-ओहोटी. ग्रहाच्या ओढीने ताऱ्यावर फुगवटा येतो. ग्रह ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याच्या वेगापेक्षा जलद प्रदक्षिणा घालतो, म्हणून फुगवटा त्याच्या मागे पडतो आणि ग्रहाला मागे खेचत राहतो. ग्रहाची ऊर्जा घटते, कक्षा आक्रसते. पृथ्वी-चंद्राच्या बाबतीत नेमके उलटे आहे. पृथ्वी २४ तासांत फिरते, चंद्राला मात्र २७ दिवस लागतात. त्यामुळे फुगवटा चंद्राच्या पुढे राहतो, त्याला पुढे ओढतो आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातो.

हे मोजले कसे?

ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो. केप्लर, पालोमार वेधशाळेची हेल दुर्बीण आणि टेस या उपग्रहाने १३ वर्षांत टिपलेल्या अशा वेळा श्रेयस विस्सप्रगडा आणि सहकाऱ्यांनी एकत्र मांडल्या. प्रदक्षिणेचा काळ दरवर्षी १३१ मिलिसेकंदांनी घटत असल्याचे दिसले. ऐकायला हे नगण्य वाटते. पण प्रत्येक फेरीतली बचत पुढच्या फेरीत जमा होत जाते आणि १३ वर्षांत ग्रह साधारण पाव तास आधी हजर होऊ लागतो. ३.८५ दिवसांना या वेगाने भागले तर उत्तर येते सुमारे २५ लाख वर्षे. ढोबळमानाने तेवढेच आयुष्य या ग्रहाचे उरले आहे. विश्वाच्या हिशेबात ही मुदत अगदीच थोडी.

मग पृथ्वीचे काय?

सूर्य या अवस्थेकडे वळायला सुमारे ५०० कोटी वर्षे आहेत. पुढे तो तांबडा राक्षसी तारा होईल तेव्हा बुध आणि शुक्र गिळले जाण्याची शक्यता मोठी. पृथ्वीबाबत रस्सीखेच आहे. फुगलेला सूर्य वस्तुमान गमावेल, त्यामुळे त्याची पकड सैल होऊन पृथ्वी बाहेर सरकेल. भरतीचा परिणाम तिला आत ओढेल. यात कोण जिंकेल, हे म्हाताऱ्या ताऱ्यांमध्ये भरतीची ऊर्जा किती वेगाने विरते यावर अवलंबून आहे. तो वेग आजवर प्रामुख्याने गणिताने काढला जात होता. केप्लर-१६५८ बीमुळे तो प्रत्यक्ष वेळा मोजून तपासता येतो आहे.