बल्ब पेटला म्हणजे वायरिंग बरोबर झालं का?



दहावीला विद्युतधारेचे परिणाम शिकवून झाले की वर्गातली दोन-चार मुलं घरी हात चालवू लागतात. गणपतीच्या मखराला दिवे लावायचे असतात, आजोबांच्या खाटेजवळ एक प्लग काढायचा असतो. छोट्या कामाला वायरमन लवकर येत नाही, हेही खरंच. मग घरातलंच कोणीतरी पक्कड घेऊन बसतं. बल्ब पेटतो आणि सगळे म्हणतात, जमलं की!

अनुभवी वायरमन मात्र बोर्ड उघडून आत बघतो. "हे कोणी केलंय?" हा त्याचा पहिला प्रश्न आपल्याला खोचक वाटतो. पण आपल्याकडे फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी वायर वापरायची पद्धत आहे. घरच्या कारागिराने हाताला लागेल ती वायर जोडलेली दिसली, की त्याचा रंगांवरचा भरवसाच उडतो. एकेक वायर तपासावी लागते. म्हणून "तेवढा एक जॉइंट नीट करा" म्हटलं तरी तो सगळं उपसायला काढतो. दर वेळी तो पैसे काढायचा डाव नसतो!

आता स्विचचं बघा. स्विच फेजच्या वायरवर हवा. चुकून न्यूट्रलवर बसवला तरी दिवा चालू-बंद होतोच, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज हजर असते. बटण बंद केलंय या विश्वासाने स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसू शकतो.

दुसरी गोष्ट सैल जोडाची, आणि ही वर्गात फळ्यावर मांडण्यासारखी आहे. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर धारा घेतो. वायरींना नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळली आहे आणि त्या जोडाचा रोध अर्धा ओहम आहे असं धरा. धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे 35 वॅटपेक्षा जास्त उष्णता त्या एवढ्याशा जागेत तयार होते. डाग द्यायची साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते! टेप वितळते, प्लास्टिक काळं पडतं. आणि एमसीबी पडत नाही. का, ते मुलांना विचारा. जोडाच्या रोधामुळे धारा वाढत नाही, उलट किंचित कमीच होते. एमसीबीला कळणार कसं?

काही घरांत तर एमसीबी सारखी पडते म्हणून 16 अँपिअरची काढून 32 ची बसवतात. वायर तीच, बारीक. एमसीबी वायरचं रक्षण करायला असते. मोठी बसवली की आधी वायर तापते.

वायरमन सर्वात जास्त चिडतो तो अर्थिंगच्या फसवणुकीवर. अर्थिंगची वायर आलेली नसते, म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थची पिन एका तुकड्याने जोडून टाकतात. फ्रिज मस्त चालतो. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली तर फेज फ्रिजच्या मोटारीतून त्या तुकड्यापर्यंत आणि तिथून थेट फ्रिजच्या पत्र्यावर येते. ओल्या हाताने दार उघडणारं मूल आपलंच असतं.

पालकांनी बोर्ड उघडू नये. बाहेरून बघण्यासारखं पुष्कळ असतं. गिझरचा प्लग वापरानंतर कोमट लागतोय का? जळका वास? सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्या खोचून बसवलेल्या वायरी? मेन बोर्डात आरसीसीबी असेल तर तिच्यावर टेस्टचं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर ती लगेच पडली पाहिजे. पडली नाही, किंवा घरात आरसीसीबीच नाही, तर परवानाधारक वायरमनला बोलवा आणि 30 मिलिअँपिअरची बसवून द्या म्हणून सांगा. अर्थिंगही त्याच फेरीत तपासून घ्या, कारण टेस्टचं बटण अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही.