चाकात हवा किती भरावी?

गणपती जवळ आले की गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथले चाकरमानी गावी निघतात. कोणी रेल्वेने जातो, कोणी एसटीने. अलीकडे पुष्कळजण आपली लहान मोटार घेऊन निघतात. गाडीत पाच माणसे बसतात. मागे पिशव्या, पेट्या, सजावटीचे सामान असते. पनवेल, पेण, माणगाव, महाड करीत गाडी कशेडी घाटाकडे येते.

एवढा सारा भार कशावर असतो? आपण म्हणू, चाकांवर. पण चाकावरचे नुसते रबर हा भार पेलू शकत नाही. भार पेलते ती टायरातली हवा.

हवा भार कसा पेलते?

आपल्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. तिला खड्डा लागला की हिसका थेट गाडीवानाला बसतो. १८८८ साली आयर्लंडमधील बेलफास्ट गावी डनलॉप नावाचे एक गुरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकी सायकलला हिसके बसू नयेत म्हणून त्यांनी चाकांवर हवेने भरलेली रबरी नळी बसविली. हवेच्या टायरची कल्पना त्यांच्याही आधी एकाला सुचली होती. पण तिचा प्रसार झाला तो डनलॉप यांच्यानंतर.

आता थोडा हिशेब करू. माणसे व सामान धरून लहान गाडीचे वजन १,२०० किलो आहे असे समजा. चाके चार. म्हणजे एका चाकावर ३०० किलो. प्रत्येक चाकाचा जमिनीला टेकलेला भाग केवढा असतो? साधारण आपल्या हाताच्या पंजाएवढा! चार पंजांवर सारे घर गावी चालले आहे. म्हणून त्या हवेची काळजी घ्यायची.

कमी हवा, जास्त हवा

एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवून पाहा. ती वाकते तिथे गरम होते आणि शेवटी तुटते. टायरचेही तसेच आहे. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना लहान गाडीचे चाक मिनिटाला सातशेहून अधिक फेरे घेते. तेवढ्या वेळा बाजू वाकते, टायर आतून तापतो आणि फुटू शकतो. भर वेगात टायर फुटला तर गाडी हाताबाहेर जाते. शिवाय कमी हवेने टायरच्या कडा लवकर झिजतात आणि पेट्रोल जास्त लागते.

मग खूप हवा भरावी का? तेही नाही. जास्त हवेने टायर कडक होतो. त्याचा मधलाच भाग जमिनीला टेकतो आणि तेवढाच झिजतो. ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. खड्ड्याचा मार नीट झेलला जात नाही.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तिथे टायर फुटून अपघात होऊ लागले. तेव्हा २०२३ साली परिवहन खात्याने महामार्गावर शिरणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला घेतले. यावरून टायरचे महत्त्व कळेल.

योग्य आकडा कुठे सापडतो?

काहीजण टायरला लाथ मारून पाहतात. काहीजण नुसते डोळ्यांनी पाहतात. ही रीत आता चालत नाही. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी अनेक वर्षे धावली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली. आजच्या गाड्यांचे टायर निराळ्या बांधणीचे असतात. हवा पुरी असली तरी ते खाली थोडे फुगलेले दिसतात. म्हणून पाहून काही कळत नाही. जुन्या गाडीचा आकडा नव्या गाडीला लावूनही चालत नाही.

चालकाचा दरवाजा उघडा. दाराच्या चौकटीवर बहुधा एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर इंग्रजी आकडे असतात. एकच दाब दोन-तीन मापांत लिहिलेला असतो, जसे २३०, २.३ आणि ३३. घाबरू नका. तिन्हींचा अर्थ जवळजवळ एकच. पंपावर जे 'पौंड' म्हणतात तो आकडा ३३. पुढच्या व मागच्या चाकांचे आकडे कधी कधी वेगळे असतात. पुष्कळ गाड्यांत दोन-तीन माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा, जास्त आकडा असतो. गावी जाताना गाडी भरलेली असते. तेव्हा तो दुसरा आकडा घ्यावा.

टायरच्या अंगावरही एक मोठा आकडा कोरलेला असतो. तो टायरला सोसेल तेवढ्या जास्तीत जास्त दाबाचा असतो. तेवढी हवा भरायची नसते.

केव्हा मोजावी?

टायर थंड असताना मोजावी. गाडी निदान तीन तास उभी असावी. चालून टायर तापला की आतली हवा तापते आणि दाब तीन-चार पौंडांनी वाढतो. तो वाढलेला आकडा पाहून हवा सोडू नये. सोडली तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडेल.

म्हणून निघायच्या दिवशी सकाळी जवळच्या पेट्रोल पंपावर जावे. पंपावर हवा भरायला पैसे पडत नाहीत. हवा भरणाऱ्याला 'बघून भर' असे म्हणू नये. आपला आकडा सांगावा आणि यंत्रावर तो स्वतः वाचावा.

हे ध्यानात ठेवावे

१. आकडा दारावरच्या चिठ्ठीवरून घ्यावा.
२. गाडी भरलेली असेल तर भरलेल्या गाडीचा आकडा घ्यावा.
३. हवा टायर थंड असताना मोजावी.
४. चांगल्या टायरमधूनही महिन्याला सुमारे एक पौंड हवा आपोआप जाते. म्हणून महिन्यातून एकदा तरी तपासावी.
५. स्टेपनीतली हवा विसरू नये. घाटात तीच कामाला येते.

गावी गाडी आली की आपणही विचारावे, "चिठ्ठीवरचा आकडा पाहिलास का?" परत निघायच्या सकाळी दार उघडून तो आकडा आपणच वाचून दाखवावा. आता आपल्याला आकडे वाचता येतात.